अनुभव धागा: आजाऱ्यासाठी प्रार्थना, आणि आजार तसाच राहिला तर

धागाकर्ती
इंदुरात मराठी ख्रिस्ती घरं थोडी. रविवारची उपासना हिंदीत, घरातली प्रार्थना मराठीत आणि दुखणाईत माणूस एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात, नाहीतर एखाद्या खासगी दवाखान्यात. प्रार्थनेनं बरं झाल्याच्या साक्षी दर आठवड्याला कानावर पडतात. प्रार्थना होऊनही जे बरे झाले नाहीत त्यांच्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. फार तर मातीच्या वेळी 'देवाची इच्छा' म्हणून विषय मिटवतात.

म्हणून हा धागा. अट एकच: आपबीती नको. घरच्या दुखण्याच्या कहाण्या लिहायला दुसरे धागे आहेत. इथे आपापल्या कामातून जे कळलं ते लिहा. काय करता, किती वेळ, काय बिघडतं आणि का. मंडळ्या (चर्च), दवाखाने, माणसं यांची नावं टाळा. न मानणाऱ्यांनाही आमंत्रण आहे, टोमणे घरी ठेवून यावं.

वडीलजन
बायबलमधल्या याकोबाच्या पत्रापासून सुरुवात करतो, कारण सगळे तेच पुढे करतात आणि अर्धंच वाचतात. ५:१४ मध्ये आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना (जाणत्या पुढाऱ्यांना) बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असा क्रम आहे. बोलावणं आजाऱ्याचं. सुनेनं किंवा शेजारणीनं सांगितलं म्हणून लगेच निघायचं नाही; आधी फोन करून त्यालाच विचारायचं, शुद्ध नसेल तर जवळच्या माणसाला. ही पायरी गाळली की आजारी माणूस पांघरूण ओढून घेतो आणि आपण भिंतीशी बोलत बसतो.

जायचं दोघांनीच. आजारी बाई असेल तर त्यात एक बाई हवी. स्टूल ओढून बसायचं, उशाशी उभं राहून वरून बोलायचं नाही. पहिला प्रश्न, 'कशासाठी प्रार्थना करू?' उत्तर बहुतेक वेळा आपल्या अंदाजाबाहेरचं येतं. कॅन्सरचा माणूस म्हणतो, रात्री झोप लागू दे. डायलिसिसवाला पोराच्या फीचं काढतो. जे सांगेल तेच मागायचं, शक्यतो त्याच्याच शब्दांत. प्रार्थना दोन-तीन मिनिटं, सगळी भेट पंधरा मिनिटांत उरकायची. वचन एकच, आधी खूण घालून ठेवलेलं. स्तोत्र २३ सुंदर आहे, पण प्रेतक्रियेत तेच वाचलं जातं, त्यामुळे खाटेवरच्या माणसाला ते ऐकून भलतीच शंका येते. १२१ बरं. फार हताश असेल तर १३, 'कुठवर' असं देवाला विचारणारं.

पाप कबूल करून घेण्याचा अट्टहास हा नेहमीचा घोटाळा. याकोबाच्या त्याच उताऱ्यात पापक्षमा आहे, पण 'पापं केली असतील तर' अशी. ते 'तर' गाळून लोक विचारतात, काय लपवताय? योहान ९ मध्ये शिष्यांनी जन्मांधाबद्दल हेच विचारलं होतं, पाप याचं की आईबापांचं. येशूनं दोन्ही नाकारलं. एवढं वाचूनही हा प्रश्न विचारणाऱ्याला मी पुन्हा भेटीला पाठवत नाही.

रात्रपाळी
अतिदक्षता विभागात काम करते. वर तेलाचा विषय निघालाय म्हणून आधी तेल. शिशी आणू नका, कापसाच्या बोळ्यावर चार थेंब पुरतात. अंगठ्यानं कपाळाला लावा, बस्स. ऑक्सिजनचा मास्क किंवा नाकात नळी असेल तर चेहऱ्याला तेल नको. ऑक्सिजन जास्त असलेल्या हवेत तेलकट वस्तू चटकन पेट घेते. अशा पेशंटच्या ओठांना आम्ही व्हॅसलीनसुद्धा लावत नाही. त्यांच्या हाताच्या पाठीवर लावा, तेही सलाईनची पट्टी सोडून. छातीवर नको, कारण तेलकट कातडीला ईसीजीची बटणं धरत नाहीत. मग मॉनिटर ओरडतो आणि तुमच्या प्रार्थनेत आम्ही धावत येतो. टाक्यांवर आणि भाजलेल्या जागेवर तर नाहीच. मेणबत्ती वॉर्डाच्या दाराबाहेर.

वेलंकनी, लूर्द या तीर्थस्थानांचं पाणी घेऊन येणारे असतात. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्याला नर्सला विचारल्याशिवाय चमचाभरही देऊ नका, भुलीत पोटातलं वर येऊन श्वासनळीत जाऊ शकतं. लकवा झालेल्याला गिळता येतं की नाही हे तपासण्याआधी पाणी पाजलं तर ते फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. किमोनंतर पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतील तर महिनोन्महिने बाटलीत राहिलेलं पाणी तोंडात नकोच. बोट बुडवून कपाळाला लावा, तेवढ्यानं भावना पोचते.

हात आत येताना धुवायचे आणि जातानाही. डोक्यावर हात ठेवायचा असेल तर आधी विचारा. मेंदूच्या ऑपरेशननंतर किंवा मानेला पट्टा असताना दाब नको. बेशुद्ध दिसणाऱ्याला ऐकू येत असतं असं धरूनच बोला. त्याच्या उशाशी 'आता चमत्कारच वाचवेल' हे वाक्य नको. आवाज कुजबुजीचा. शेजारच्या खाटेवर झाबुआहून आलेला आदिवासी बाबा असतो, त्याला अचानक अन्यभाषांतली (न कळणाऱ्या उच्चारांतली) प्रार्थना कानावर पडली तर तो घाबरतो. त्यानं त्याच्या गावच्या बडव्याला (भगताला) आणलं आणि त्यानं मोठ्यानं मंत्र म्हटले तर तुम्हाला कसं वाटेल, एवढा विचार केला तरी चालेल.

लाल चर्चकडचा
कॅथलिकांत आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार फक्त फादर किंवा बिशप देतात. तेल पवित्र आठवड्यातल्या खास मिस्सात (उपासनेत) बिशपांनी आशीर्वादित केलेलं असतं. ऑलिव्हचं नसेल तर दुसरं वनस्पतीचं तेल चालतं. कपाळाला आणि दोन्ही हातांना लावतात.

बिघडतं ते वेळेत. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी हा विधी बदलला आणि तो गंभीर आजाऱ्यांसाठी झाला, फक्त मरणपंथाला लागलेल्यांसाठी राहिला नाही. पण घरोघरी अजून जुनीच समजूत. फादर दिसले की आजारी माणूस ओळखतो, आपलं आवरलं. मग घरचे फादरना शेवटच्या तासाला फोन करतात, फादर वाहतुकीत अडकतात आणि पोचेपर्यंत माणूस गेलेला असतो. मेलेल्याला हा संस्कार देता येत नाही; मग मृतासाठीची प्रार्थना होते आणि 'शेवटचं तेल मिळालं नाही' ही खंत घरात वर्षानुवर्षं राहते. ऑपरेशनची तारीख ठरली की त्याच आठवड्यात बोलवा. वयामुळे खूप अशक्त झालेल्यालाही घेता येतो, आणि आजार बळावला तर पुन्हा घेता येतो.

ख्रिस्तप्रसाद (मिस्सातली पवित्र भाकर) गिळता येत नसेल तर अगदी छोटा तुकडा, वर घोटभर पाणी. तेही जमत नसेल तर फादरना आधी सांगा, द्राक्षारसाच्या थेंबाची सोय होते.

आणखी एक. आरोग्यप्रार्थनेच्या सभांसाठी व्हॅटिकननं १४ सप्टेंबर २००० रोजी लेखी नियम काढलेत: उन्माद, नाटकीपणा, सनसनाटी नको; देखरेख बिशपांची. आपल्याकडच्या काही सभा पाहिल्या की हे नियम स्टेजच्या मागे चिकटवावेसे वाटतात.

स्टेथो
विश्वासावर मी बोलणार नाही. 'मी बरा झालो' म्हणून गोळी बंद केल्यावर शरीरात काय होतं तेवढं सांगतो.

काही औषधांचा हिशेब लगेच होतो. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबवलं की एक-दोन दिवसांत उलट्या, पोटदुखी, खोल जलद श्वास. वेळेत दवाखाना गाठला नाही तर मृत्यू. फिटची गोळी एकदम सोडली तर थांबतच नाही अशी फिट येऊ शकते. आठवडेच्या आठवडे स्टेरॉइड घेतलेल्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असतात, अचानक बंद केलं तर बीपी कोसळतं.

घात करतात ती उशिरा हिशेब करणारी औषधं. बीपी वाढल्याचं बहुतेकांना कळतच नाही, कळतं ते लकव्यानंतर. थायरॉईडच्या गोळीची शरीरातली मात्रा निम्मी व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे सोडल्यावर महिनाभर माणूस ठणठणीत वाटतो. टीबीत दोन महिन्यांत ताप-खोकला जातो, वजन वाढतं, पण साधा कोर्सही सहा महिन्यांचा असतो. मध्येच सोडला तर उरलेले जंतू पुन्हा डोकं काढतात, आणि अर्धवट औषधांतून औषधाला दाद न देणारा टीबी तयार होतो, तो मग घरात पसरतो. एचआयव्हीत औषधानं विषाणू मोजणीत सापडेनासा होतो; ते औषधाचं काम असतं, सोडलं की बहुतेकांत काही आठवड्यांत विषाणू परत येतो. म्हणून स्टेजवर 'गोळ्या टाकून दिल्या, मला काही झालं नाही' म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्या दिवशी ते खरंच असतं. त्याला तीन-चार महिन्यांनी कोणी माईक देत नाही.

दुसरा प्रकार आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारांचा. डेंग्यूत ताप उतरल्यावर, आजाराच्या साधारण सातव्या दिवसापासून प्लेटलेट चढायला लागतात. प्रार्थनासाखळीला जोर नेमका पाचव्या-सहाव्या दिवशी आलेला असतो. दूषित पाण्याची कावीळ बहुतेकांत आपणहून उतरते. पाच मिलिमीटरच्या आतले मुतखडे बरेचदा पडून जातात. तोंड वाकडं होणारी बेल्स पाल्सी दहांतल्या सातांत उपचार न करताही बरी होते. एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडं अठरा महिन्यांपर्यंत दिसू शकतात, मग नाहीशी होतात. बाळाला मुळात संसर्गच नव्हता, पण साक्ष बनते 'बाळ एचआयव्हीतून बरं झालं'. देवाचे आभार मानायला कोणाची हरकत नाही. हे उदाहरण दाखवून दुसऱ्या आईची औषधं बंद करवू नका, एवढंच.

उपासाबद्दल: आजाऱ्यानं करूच नये, नातेवाइकांनी करावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणारा उपाशी राहिला तर रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, मग बडबड. शुद्ध असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी मोजा, कमीच असेल तर पुन्हा द्या आणि मग जेवायला घाला. गोळीमुळे उतरलेली साखर काही तासांनी परत उतरू शकते, तेव्हा रात्रभर लक्ष ठेवायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, गाडी काढायची.

अभिषेक सभा
इथवर वाचून कोणालाही वाटेल की प्रार्थना म्हणजे सभ्यपणे धीर देण्याची रीत. आम्ही तसं मानत नाही. यशया ५३:५ ('त्याच्या जखमांनी आपण बरे झालो') आणि मत्तय ८:१७ वाचून आम्ही आजही बरं होण्याची अपेक्षा धरतो आणि मोठ्यानं मागतो. पण डॉक्टरसाहेबांनी लिहिलेला एकही मुद्दा मला खोडता येत नाही, म्हणून नीट चालवलेली सभा कशी असते ते लिहितो.

दारात चिठ्ठी भरून घ्यायची: नाव, त्रास, कधीपासून, औषधं चालू आहेत का. चिठ्ठी स्टेजवर जात नाही, प्रार्थना करणाऱ्या जोडीकडे जाते. हे सांगायचं कारण, १९८६ साली अमेरिकेत जेम्स रँडी या जादूगारानं एका प्रसिद्ध आरोग्यप्रचारकाच्या कानातला रेडिओ पकडला. 'देवानं कळवलेले' पत्ते आणि आजार त्याची बायको चिठ्ठ्यांवरून वाचून दाखवत होती. चालत आलेल्याला व्हीलचेअरवर बसवायचं नाही, कारण तो मग 'उठून चालणार' हे ठरलेलंच. पायाची लांबी वाढवून दाखवणं बंद; बूट अर्धा इंच सरकवला तरी पाय वाढलेला दिसतो.

बाईवर बाईनं हात ठेवायचा, खांद्यावर किंवा डोक्यावरच. ढकलायचं नाही. कोणी पडेल म्हणून मागे माणूस उभा असतो, पण म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना आणि फिट येणाऱ्यांना आधीच खुर्ची. प्रार्थना छोटी, मग विचारायचं, दहापैकी दुखणं किती होतं, आता किती? उत्तर 'तेवढंच' आलं तरी वहीत तेवढंच लिहायचं. गर्दी, गाणी, उत्साह यांनी दुखणं काही तास बोथट होतं, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून साक्ष त्या रात्री घ्यायची नाही. सहा आठवड्यांनी, रिपोर्टसकट. औषध कमी-जास्त करायचं ते डॉक्टरांनी. वर्गणीची पेटी त्या खोलीत नको.

'तुझा विश्वास कमी पडला' म्हणणाऱ्यांना माझं एक विचारणं आहे. मार्क २ मध्ये लकवा झालेल्याला छपरातून खाली सोडलं तेव्हा येशूनं विश्वास पाहिला तो खाट आणणाऱ्यांचा. येशूनं कबरीतून उठवलेला लाजर तर मेलेला होता. विश्वास मोजायचाच असेल तर खाटेशी उभे असलेल्यांचा मोजा.

वडीलजन
शेवटच्या परिच्छेदाला आमेन. यशयाबद्दल मतभेद आहे. १ पेत्र २:२४ मध्ये तेच वचन पापाच्या संदर्भात येतं, शरीर इथे आणि आत्ता बरं होण्याचं वचन मला त्यात दिसत नाही. प्रेषित पौलाचंच पाहा. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजारी बरे झाल्याचं प्रेषितांची कृत्ये १९:१२ सांगतं, तोच स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवतो आणि काटा तसाच राहतो. त्रफिम या सोबत्याला तो मिलेतात आजारी सोडून पुढे जातो. तीमथ्याच्या पोटाला थोडा द्राक्षारस सुचवतो. एपफ्रदीत मात्र मरतामरता वाचतो. एकाच माणसाच्या आयुष्यात चारही तऱ्हा. हिज्कीया राजाची प्रार्थना ऐकली गेली तेव्हाही यशयानं गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच.

आणि आपल्याच मराठी मुलखात पाहायचं तर पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनात १९०५ सालची जागृती झाली, प्रार्थनेसाठी ती जागा जगभर गाजली. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली. प्रार्थनेत तिथं काही कमी होतं असं म्हणायची कोणाची छाती आहे?

आकडेमोड
प्रार्थनेची चाचणी झालीय का, असं कोणीतरी विचारणारच. सर्वांत मोठ्या चाचण्यांपैकी एक २००६ साली अमेरिकेत छापली गेली. सहा रुग्णालयं, हृदयाच्या बायपासचे १,८०२ रुग्ण, तीन गट. अनोळखी ख्रिस्ती गटांनी रुग्णाचं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर घेऊन चौदा दिवस प्रार्थना केली. प्रार्थना होते की नाही हे माहीत नसलेल्यांत, ज्या गटासाठी प्रार्थना झाली त्यात ५२ टक्क्यांना ऑपरेशननंतर काही ना काही गुंतागुंत झाली, ज्या गटासाठी झाली नाही त्यात ५१. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होतेय हे ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ५९.

यातून देव नाही असं सिद्ध होत नाही, आणि प्रार्थना बाधते असंही ठामपणे म्हणता येत नाही. शिवाय मुख्य अडचण राहतेच: ज्या गटासाठी 'प्रार्थना नाही' त्याच्या आया, बहिणी, मंडळ्या घरी प्रार्थना करत होत्याच, त्यांना कोण थांबवणार? कामाची गोष्ट ५९ मध्ये असावी. 'तुझ्यासाठी शंभर जण उपास करताहेत' हे ऐकून काही माणसांना दडपण येतं: माझी प्रकृती एवढी वाईट आहे का, आणि मी बरा झालो नाही तर या शंभरांचं काय? हा माझा अर्थ, चाचणीनं कारण सिद्ध केलेलं नाही. आकडा सांगायचं टाळा. 'आठवण करतोय' पुरतं.

न मानणारा शेजारी
मला यातलं काही पटत नाही, पण प्रश्न आहे. तुमच्या प्रार्थनासाखळीत दीडशे नंबर असतात. त्यांचे रक्तगट कोणाकडे लिहिलेले आहेत का? पुरुषाला ९० दिवसांनी, बाईला १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं. निमाडातून आलेल्या पेशंटबरोबर एकच नातेवाईक असतो, तो रात्रभर जागा असतो. त्याला चार तास झोपायला मिळेल अशी पाळी लावणारी यादी मला कुठल्याच धर्मात दिसलेली नाही.

वडीलजन
यादी करतो. रक्तगटाचा रकाना या रविवारीच.

संडेस्कूल
मोठ्यांच्या चर्चेत एक गोष्ट राहतेय. घरात कोणी फार आजारी पडलं की लहान मुलांना पुढे बसवतात: 'लेकरांची प्रार्थना देव लगेच ऐकतो.' मग आजोबा जातात. सात-आठ वर्षांचं मूल कोणाला न सांगता हिशेब मांडतं की डोळे उघडले होते, त्या रात्री झोप लागली, म्हणून असं झालं. हे महिन्यांनी बाहेर येतं, तेही पोटदुखी किंवा अंथरूण ओलं होणं अशा रूपात. मुलांना प्रार्थनेत घ्या, पण ते वाक्य नको. आणि मूल विचारो न विचारो, मातीनंतर आठवड्याच्या आत एकदा स्पष्ट सांगा की तू काही चुकीचं केलं नाहीस, तुझ्या प्रार्थनेमुळे किंवा प्रार्थनेत काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही.

अशा घरातल्या मुलांना लाजराची गोष्ट त्या महिन्यात सांगू नये. लगेच प्रश्न येतो, मग आमचे आजोबा का नाही उठले. दावीदाच्या लेकराचीही नको, तिथं बाळाचं मरण बापाच्या पापाशी बांधलेलं आहे. गेथशेमाने बागेत येशूनं केलेली प्रार्थना सांगते. येशूनं स्वतः मागितलं, दुःखाचा प्याला टळला नाही, आणि मित्र झोपले होते. मुलांना मित्र झोपल्याचा राग येतो. येऊ द्यावा.

उदयनगर वाट
इंदूर धर्मप्रांतात चमत्काराची लेखी नोंद हा आता पुस्तकी विषय राहिलेला नाही. उदयनगर भागात काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी हत्या झाली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं गेलं. हुतात्म्याला त्या पायरीवर चमत्कार लागत नाही. संतपदासाठी मात्र नंतर घडलेला एक लागतो. त्यामुळे उदयनगरला त्यांच्या कबरीशी येणारी माणसं विचारतात, आमचा आजार बरा झाला, कोणाला कळवू?

कळवण्याआधी कागद गोळा करा. निदान कशावरून झालं, बायोप्सी, स्कॅन, तारखा. कोणते उपचार, कुठवर. प्रार्थना कधी सुरू केली आणि कोणाकडे. इथेच बहुतेक प्रकरणं अडतात, कारण घाबरलेला माणूस नऊ दिवसांची नोवेना एकाच वेळी राणी मारियांना, वेलंकनी मातेला आणि संत अंतोनींना म्हणतो. मग मध्यस्थी कोणाची हे ठरवता येत नाही. (प्रार्थना करताना हा हिशेब ठेवावा असं मी म्हणत नाही.) कसोट्या अठराव्या शतकापासून जवळपास त्याच आहेत: आजार गंभीर हवा, आपणहून बरा न होणारा, उपचारानं बरा न झालेला, सुधारणा झटकन, पूर्ण आणि टिकणारी. २०१६ च्या नियमांप्रमाणे वैद्यकीय मंडळात सातांपैकी किमान पाच किंवा सहांपैकी चार तज्ज्ञांनी 'विज्ञानाला याचं कारण सांगता येत नाही' म्हणावं लागतं, आणि एकच प्रकरण तीनपेक्षा जास्त वेळा तपासता येत नाही. लूर्दला दीडशेहून अधिक वर्षांत हजारो दावे आले, मान्य झाले सत्तरच्या आसपास. किमो घेतलेला कॅन्सर, डेंग्यू, मुतखडा यात बसत नाही. बसत नाही म्हणून कृतज्ञतेची मिस्सा सांगायला कोणी अडवत नाही.

बारीक अक्षर
मध्य प्रदेशात राहता म्हणून दोन-चार गोष्टी. २०२१ च्या धर्म स्वातंत्र्य कायद्यात प्रलोभन दाखवून धर्मांतर करवणं गुन्हा आहे, आणि प्रलोभनाच्या व्याख्येत दैवी कृपा किंवा तिचं वचनही घातलेलं आहे. शिक्षा एक ते पाच वर्षं, आणि समोरची व्यक्ती बाई, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर दोन ते दहा. 'प्रार्थना करतो, बरा झालास तर बाप्तिस्मा घे' हे वाक्य ईश्वरशास्त्रात वाईट आहेच, कायद्यात त्याहून वाईट. वॉर्डात बोलावल्याशिवाय जाऊ नका, पत्रकं वाटू नका, कोण बोलावतंय त्याचा मेसेज जपून ठेवा.

पोस्टरवर 'कॅन्सर, लकवा, मधुमेह बरा होईल' छापू नका. १९५४ चा औषधे व जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात कॅन्सर, मधुमेह, फिट, लकवा, टीबी सगळे आहेत, पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. प्रार्थना 'जादुई उपचारा'त बसते का यावर वकील भांडतील, तुम्ही तारखा भराल. फक्त 'आजाऱ्यांसाठी प्रार्थना' असं छापा. भोंगा रात्री दहा ते सकाळी सहा बंद, आणि रुग्णालयाभोवतालचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र.

शेवटचा वॉर्ड
वेदनाशमनाचं काम. आमच्याकडे येईपर्यंत घरच्यांची प्रार्थना एकाच वाक्यावर अडकलेली असते: बरं कर. ते वाक्य सोडायला सांगू नये, त्याच्या शेजारी दुसरी ठेवावी. आज उलटी न होवो, श्वास सुटसुटीत राहो, दोन भावांचं बोलणं सुरू होवो. रोज पाहता येईल असं मागितलं की घरचे पुन्हा खाटेजवळ येतात. नाहीतर ते बाहेरच्या बाकावर फोनवर साखळ्या चालवत बसतात आणि आत माणूस एकटा.

मॉर्फीनला नकार ही मोठी अडचण. 'घेतलं म्हणजे विश्वास सोडला', वर क्रुसावर येशूनं बोळ मिसळलेला द्राक्षारस घेतला नाही हा दाखला. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच वेदनाशामक देणं योग्य ठरवलं होतं, आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी. तोंडानं घ्यायची साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून, दुखेपर्यंत थांबायचं नाही. बरोबर पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध, कारण बद्धकोष्ठ होतंच. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत कॅन्सरच्या दुखण्यासाठी दिलेल्या मॉर्फीनचं व्यसन लागण्याची भीती घरच्यांना वाटते त्याच्या मानानं फारच थोडी.

आणखी एक, जे कोणी आधी सांगत नाही. शेवटच्या एक-दोन दिवसांआधी काही माणसं अचानक तरतरीत होतात. उठून बसतात, चहा मागतात, नावं घेतात. घरचे म्हणतात प्रार्थना ऐकली, नातेवाइकांची तिकिटं रद्द करतात, कोणी औषधंही थांबवतं. ती तरतरी बहुधा टिकत नाही. आम्ही सांगतो, आज ज्यांना भेटायचंय त्यांना आजच बोलवा, आवडीचं खायला द्या, आणि काहीही रद्द करू नका. नंतरची घशातली घरघर ऐकून गुदमरतोय असं वाटतं; कुशीवर वळवलं की कमी होते, नळी घालून उपसण्यानं फारसा फायदा नसतो.

व्हेंटिलेटर काढायची वेळ आली की 'चमत्काराला वेळ द्या' हे येतंच. भांडू नये. डॉक्टरांनी मुदत ठरवून घ्यावी: अठ्ठेचाळीस तास, या या गोष्टी सुधारल्या तर पुढे, नाहीतर परत बसू. 'देवाला यंत्राची गरज नाही' हे वाक्य पाळकानं म्हटलं तर धीर, डॉक्टरनं म्हटलं तर टोमणा. माणूस शुद्धीवर असतानाच विचारलेलं सगळ्यांत बरं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, २०२३ मध्ये ते सोपं झालं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही.

धागाकर्ती
वडीलजन, रविवारी आजाऱ्यांची नावं वाचता त्या यादीबद्दल विचारायचं राहिलं. माणूस गेल्यावर त्याचं नाव तुम्ही काय करता?

वडीलजन
गुपचूप काढत नाही. यादीतून नाव गळलेलं सगळ्यांत आधी घरच्यांच्याच लक्षात येतं. त्या रविवारी उभं राहून सांगायचं, अमक्यासाठी आपण इतके महिने मागत होतो, ते गेले. 'बरे होऊन प्रभूकडे गेले' अशी फिरवाफिरवी नको. स्तोत्र ८८ वाचायचं, ज्याच्या शेवटीही उजेड येत नाही. मंडळीला जड जातं, तरी वाचायचं. मग त्याच जागी घरच्यांची नावं लिहायची, निदान वर्षभर, आणि वाढदिवस व पहिला नाताळ वहीत टिपून ठेवायचा. व्हॉट्सअॅपवर निरोप एकानंच टाकायचा, नाहीतर सकाळी गेलेल्या माणसासाठी दुपारपर्यंत 'लवकर बरे व्हा' येत राहतं. यादीत बरेच महिने असलेल्या चिवट आजारांचं वेगळं पान करतो, ते महिन्यातून एकदाच मोठ्यानं वाचतो. दर आठवड्याला तेच नाव ऐकून त्या माणसालाच लाज वाटायला लागते, आणि तो यायचा बंद होतो. त्याला आधी विचारतो, वाचू का?